टाळूवरचे वण

(भाईंदर येथील वार्षिक स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचे मुद्रित रूप)



ज्यांच्या स्मरणार्थ आपण दरवर्षी इथे जमतो ते डॉक्टर माझ्यासारखे त्वचारोगतज्ज्ञ नव्हते. सर्दी-तापापासून विंचवाच्या दंशापर्यंत सगळं बघणारे ते जुन्या वळणाचे फॅमिली डॉक्टर. पेशंटला हात लावल्याशिवाय चिठ्ठी लिहायची नाही, हा त्यांचा नेम होता. केसांच्या तक्रारीत हा नेम जितका सर्रास मोडला जातो, तितका दुसऱ्या कुठल्या तक्रारीत मोडला जात नसेल. केस गळतात म्हणून आलेल्या बाईचं डोकं कोणी बघतच नाही. टेबलापलीकडून दोन प्रश्न, थायरॉइड आणि हिमोग्लोबिनची तपासणी, बायोटिनच्या गोळ्या, मिनॉक्सिडिलची बाटली, ‘टेन्शन घेऊ नका’, की पुढचा नंबर. आता आपल्यापैकी कितीजणांनी डॉक्टरांसमोर अंबाडा सोडल्याचं आठवतं, ते मनातल्या मनात मोजा.

कार्यक्रमपत्रिकेवर विषय छापून आला, ‘आफ्रिकी वंशाच्या लोकांमधली वण पाडणारी केसगळती’, तेव्हा दोघातिघांनी मला फोन करून विचारलं, भाईंदरकरांना याचं काय? त्यांना मी मीरा रोडच्या पूर्वेला संध्याकाळी एक फेरी मारायला सांगितलं. नायजेरिया, आयव्हरी कोस्ट, युगांडा इथून आलेली माणसं आपल्या शेजारी राहतात. कोणी कपड्यांच्या व्यापारासाठी आलेलं, कोणी शिकायला, कोणी नातेवाइकाच्या ऑपरेशनसाठी. सोसायट्या त्यांना घर देताना का कू करतात, पोलिसांची मोहीम निघाली की पेपरात त्यांच्याविषयी छापून येतं, आणि एवढ्यावर आपली त्यांच्याशी ओळख संपते.

शिवाय हा वंश आपल्या किनाऱ्याला नवा नाही. अहमदनगरची निजामशाही सावरणारा आणि १६१० साली खडकी, म्हणजे पुढचं औरंगाबाद, वसवणारा मलिक अंबर इथिओपियाचा. मुरूडचा जंजिरा सिद्द्यांनी १९४८ पर्यंत राखला. खाडीपलीकडच्या वसईत पोर्तुगीजांनी आफ्रिकेतून गुलाम आणले होते. आज कर्नाटकात यल्लापूर, हल्याळ, मुंडगोड भागांत सिद्दी आहेत, गुजरातेत गीरच्या जांबूरला आहेत. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासांनी त्यांचं मूळ मुख्यतः बांटूभाषक आफ्रिकेत असल्याचं दाखवलं. तेव्हा मुरूडच्या किंवा यल्लापूरच्या डॉक्टरलाही आजचा विषय परका वाटायचं कारण नाही.

आता आजाराकडे येतो. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलून एका पेशंटविषयी सांगतो. चाळिशीतली बाई, मूळची लागोसची, इथून कापड नेऊन तिकडे विकणारी. डोक्याला घट्ट फडकं, त्याखाली टोप. पाच वर्षांपूर्वी टाळूवर रुपयाएवढी जागा विरळ झाली होती, आता ती तळहातापेक्षा मोठी. मधूनमधून तिथे आग व्हायची, मुंग्या यायच्या, तेल लावलं की झोंबायचं. वाटेत तीन डॉक्टर झाले, तिन्ही ठिकाणी ‘बायकांचं टक्कल’ म्हणून मिनॉक्सिडिल मिळालं. माझ्यासमोर टोप काढण्याआधी तिने दाराची कडी लागली आहे ना ते बघितलं, आणि पहिला प्रश्न मला तिनेच विचारला, ‘डॉक्टर, हे माझ्याच हातून झालं ना?’ लहानपणापासून केस सरळ करायला लावलेली क्रीम, घट्ट वेण्या, गंगावनं, गरम फणी, सगळ्याची यादी तिला पाठ होती. आधीच्या प्रत्येक डॉक्टरने ती यादी विचारली होती. टाळू मात्र एकानेही भिंगाखाली घेतली नव्हती.

तिच्या प्रश्नाचं उत्तर द्यायला वैद्यकशास्त्राला पन्नास वर्षं लागली. ती कथा सांगण्याआधी टाळूच्या आत काय असतं ते थोडक्यात बघू.

केस ज्या नळीतून उगवतो तिला रोमकूप म्हणू. त्याचा खालचा भाग दर फेरीला झडतो आणि नव्याने बनतो. वरचा भाग कायमचा. अंगावर काटा आला की केस उभा करणारा बारीकसा स्नायू जिथे रोमकूपाला चिकटतो, तिथे एक फुगवटा असतो आणि त्यात मूळपेशी, म्हणजे स्टेम सेल, राहतात. कोट्सारेलिस, सन आणि लॅव्हकर यांनी १९९० साली उंदरांच्या केसांवर काम करून हे दाखवलं. त्याआधी सगळ्यांची समजूत अशी की केसाचं बीज तळाशी असतं. प्रत्यक्षात ते उत्तनच्या माडांसारखं: झावळ्या कितीही उतरवा, माड पुन्हा धरतो, पण भुंग्याने शेंड्याचा कोंब पोखरला की संपलं. ‘चाई’ पडते तेव्हा शरीराच्या रोगप्रतिकारक पेशी रोमकूपाच्या तळाशी हल्ला करतात. वरच्या मूळपेशी शाबूत असतात, म्हणून चाईतले केस वर्षानंतरही परत येऊ शकतात.  वण पाडणाऱ्या केसगळतीत हल्ला नेमका फुगवट्यावर होतो. मूळपेशी मरतात, शेजारची तेलाची ग्रंथी नाहीशी होते, आणि रिकाम्या जागी तंतुमय वण भरतो. तिथे पुन्हा केस येत नाही.

म्हणून केसांच्या प्रत्येक तक्रारीत पहिला प्रश्न हाच असायला हवा: रोमकूपाचं छिद्र आहे की मिटलं? कारणं नंतर. आपल्याकडे क्रम नेमका उलटा असतो. बुलढाण्याचं उदाहरण ताजं आहे. २०२४ संपता संपता शेगाव तालुक्यातल्या बोंडगाव, कालवड, हिंगणा या आणि आसपासच्या गावांत माणसांचे केस तीन-चार दिवसांत मूठभर हातात येऊ लागले. आधी पाण्यावर संशय गेला, मग बुरशीवर, गावातल्या पोरींची लग्नं अडणार अशा बातम्या आल्या. आयसीएमआरची पथकं आली. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी रेशनच्या गव्हातल्या वाढलेल्या सेलेनियमकडे बोट दाखवलं. पुढच्या आठवड्यांत अनेकांच्या डोक्यावर केस पुन्हा उगवू लागले. म्हणजे छिद्रं शाबूत होती. एवढं निदान पहिल्याच दिवशी, भिंगातून, गावातच करता आलं असतं, आणि घाबरलेल्या घरांना ‘केस परत येतील’ हे सांगता आलं असतं. कारण सापडायला मग कितीही वेळ लागो.

आता ती पन्नास वर्षं. १९६८ साली अमेरिकेत लोप्रेस्टी, पापा आणि क्लिगमन यांनी कृष्णवर्णीय स्त्रियांच्या टाळूवरून सुरू होऊन बाहेर पसरणाऱ्या टकलाचं वर्णन केलं आणि त्याला गरम फणीचं टक्कल म्हटलं. त्यांचं म्हणणं असं: केस सरळ करण्यासाठी बायका केसांना व्हॅसलिन चोपडतात आणि धातूची फणी तापवून फिरवतात. वितळलेलं व्हॅसलिन रोमकूपात ओघळतं, आत भाजतं, आणि वण पडतो. ऐकायला पटण्यासारखं. कोणी रोमकूपात व्हॅसलिन शिरताना पाहिलं नव्हतं, ज्यांनी कधी फणी तापवली नाही अशा बायकांशी तुलनाही झाली नव्हती. तरी पुढची चोवीस वर्षं पाठ्यपुस्तकांत हेच राहिलं. यातले अल्बर्ट क्लिगमन म्हणजे मुरुमांवरच्या ट्रेटिनॉइनचे नामवंत संशोधक. फिलाडेल्फियाच्या होम्सबर्ग तुरुंगात १९७४ पर्यंत कैद्यांच्या, बहुतेक काळ्या कैद्यांच्या, त्वचेवर प्रयोग करणारेही तेच. त्याबद्दल पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या वैद्यकीय शाखेने २०२१ साली आणि शहराने २०२२ साली माफी मागितली. फणीचा निष्कर्ष त्यामुळे चुकीचा ठरत नाही, पण काळ्या बाईच्या सवयीवर ठपका ठेवणं त्या काळात इतकं सोपं का गेलं, याचा अंदाज येतो.

१९९२ साली स्पर्लिंग आणि साऊ यांनी तेच टक्कल पुन्हा तपासलं. फणी आणि आजार यांचा मेळ बसेना. काहींनी फणी क्वचितच वापरली होती, काहींनी कधीच सोडून दिली होती तरी टक्कल पसरत होतं. बायोप्सीत त्यांना वेगळंच दिसलं. केसाभोवती आतलं एक आवरण असतं, ते वर पोहोचल्यावर गळून पडायचं असतं. या बायकांमध्ये ते खूप खालीच, वेळेआधी सुटत होतं, तेही अजून न गळलेल्या केसांत. म्हणजे रोमकूपाची बांधणीच नाजूक. २००१ साली उत्तर अमेरिकेतल्या केस-संशोधकांच्या बैठकीत कारणाविषयी काहीही न सुचवणारं नाव ठरलं, ‘सेंट्रल सेंट्रिफ्यूगल सिकॅट्रिशियल अ‍ॅलोपेशिया’. मध्यापासून बाहेर पसरणारी, वण पाडणारी केसगळती. डॉक्टर मंडळी त्याला सीसीसीए म्हणतात, मीही तेच म्हणतो.

खरा धक्का २०१९ साली बसला. दक्षिण आफ्रिकेतल्या डर्बनच्या न्कोझा ड्लोव्हा यांनी आधीच काही घराण्यांत हा आजार आईकडून मुलीकडे जाताना पाहिला होता. त्यांच्यासह तेल अवीवचे एली स्प्रेखर, अमेरिकेच्या एमी मॅकमायकेल आणि इतरांनी न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये जनुकांचं काम छापलं. ५८ पैकी १४ बायकांमध्ये, म्हणजे जवळपास चौथ्या भागात, पीएडीआय३ या जनुकात दोष निघाला. हे जनुक एक एन्झाइम बनवतं. केसाच्या आवरणातल्या ट्रायकोहायलिन नावाच्या प्रथिनाला ते पक्कं करतं, त्याच्या साच्यातून केसाचा आकार घडतो. १९९२ साली सूक्ष्मदर्शकाखाली जे आवरण लवकर सुटताना दिसलं होतं, त्याच्याच घडणीतला हा दोष. याच जनुकातला वेगळा दोष काही लहान मुलांमध्ये असतो, त्यांचे केस कंगव्याला दादच देत नाहीत, वाळक्या गवतासारखे उभे राहतात. २०१६ साली ते कळलं होतं.

मग फणी, क्रीम, वेण्या निर्दोष? तसंही नाही. आफ्रिकी केसाचा रोमकूप वाकडा असतो, केस चपटा आणि वेटोळ्यांचा, त्यामुळे तो आधीच सहज तुटतो. अशा रोमकूपाच्या आवरणात जन्मतःच दोष असेल आणि त्यावर वर्षानुवर्षं ओढ, उष्णता आणि त्या क्रीममधलं सोडियम हायड्रॉक्साइड पडलं, तर तो लवकर हार मानेल. पण दोष नसलेल्या हजारो जणी त्याच वेण्या घालतात आणि त्यांच्या टाळूला काही होत नाही. आणि उरलेल्या तीन चतुर्थांश रुग्णांत पीएडीआय३ नीट आहे, तिथे दुसरं काहीतरी आहे. लागोसच्या बाईला मी एवढंच म्हणालो, ‘तुम्ही केस ओढलेत, पण हा आजार तुम्ही केला नाहीत.’ तिच्या थोरल्या बहिणीलाही हेच होतं, हे त्यानंतर निघालं. आधी कोणी विचारलंच नव्हतं.

हा आजार किती आढळतो? केप टाउनच्या नॉनह्लान्हला खुमालो आणि सहकाऱ्यांनी २००७ साली तिथल्या वस्त्यांमध्ये घरोघर केस तपासले. सीसीसीए सगळ्या स्त्रियांत २.७ टक्के, पन्नाशीपुढे ६.७ टक्के. पुरुषांत तो फार विरळ. त्याच पाहणीत ओढीने होणारं टक्कल मात्र प्रौढ स्त्रियांत ३१.७ टक्के निघालं, दर तिघींत जवळपास एकीला. दोन्ही आजार एकाच टाळूवर असू शकतात, आणि डॉक्टरचा घोळ बहुधा इथेच होतो.

आणखी एक धागा मला महत्त्वाचा वाटतो. जॉन्स हॉपकिन्समध्ये २०१८ साली ४,८७,१०४ कृष्णवर्णीय स्त्रियांच्या नोंदी तपासल्या गेल्या. सीसीसीए असलेल्यांत गर्भाशयातल्या फायब्रॉइडच्या गाठी १३.९ टक्क्यांत नोंदल्या होत्या, बाकीच्यांत ३.३ टक्क्यांत. रुग्णालयाच्या नोंदी अपुऱ्या असतात, गाठी प्रत्यक्षात याहून पुष्कळ जास्त जणींना असतात, त्यामुळे आकड्यांपेक्षा त्यांच्यातल्या फरकाकडे बघावं. फायब्रॉइड म्हणजेही तंतुमय ऊतीची नको तितकी वाढ. शरीराचा कल वण भरण्याकडे असेल तर तो एकाच ठिकाणी दिसेल असं नाही. मधुमेहाचाही संबंध २०११च्या एका अमेरिकी अभ्यासात पुढे आला. म्हणून टाळूवर वण दिसला की मी पाळीत रक्तस्राव जास्त होतो का ते विचारतो आणि साखर तपासतो. त्वचेच्या डॉक्टरने असं विचारल्यावर बायका जरा चमकतात, पण सांगतात.

आता निदान कसं करायचं. इथे थोडा रेंगाळतो, कारण सगळं यातच आहे.

टोप, गंगावन, रबर, सगळं काढायचं. उजेडात बसवायचं आणि बोटांनी भांग पाडत समोरून मागे जायचं. सीसीसीए टाळूच्या मध्यापासून सुरू होतो. वयानुसार बायकांचे केस विरळ होतात तेही टाळूवरच, म्हणून दोन्हींची गल्लत होते. पण वयाच्या विरळपणात केस बारीक होतात, छिद्रं राहतात. सीसीसीएमध्ये त्वचा गुळगुळीत, चकचकीत होते. त्याआधीची एक खूण बरीच फसवी आहे: टाळूवरचे केस अर्ध्यातून तुटलेले दिसतात. २०१२ साली व्हॅलरी कॅलेंडर आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की केवळ तुटणारे केस ही या आजाराची पहिली हाक असू शकते. पार्लरवाली ‘केस कोरडे झालेत’ म्हणते आणि वर्ष जातं. पुस्तकात दाह म्हणजे लाली असं लिहिलेलं असतं. काळ्या त्वचेवर लाली लाल दिसत नाही, ती जांभळट किंवा आणखी काळपट दिसते. गोऱ्या कातडीच्या फोटोंवर शिकलेला डोळा ‘दाह नाही’ म्हणून पुढे जातो. हे आपल्याकडच्या सावळ्या टाळूलाही तंतोतंत लागू आहे.

मग डर्मोस्कोप, प्रकाशाचं हातात मावणारं भिंग. काळ्या टाळूवर त्यातून मधाच्या पोळ्यासारखी तपकिरी जाळी दिसते आणि तिच्यावर सारख्या अंतराने पांढरे ठिपके. हे ठिपके रोमछिद्रांचे असतात, तसेच घामाच्या नळ्यांचेही. केस मेले तरी घामाच्या नळ्या उरतात, म्हणून ठिपके पूर्ण जात नाहीत. नवशिका डॉक्टर ते मोजून ‘छिद्रं आहेत’ म्हणतो आणि फसतो. ठिपक्यांमधलं अंतर वेडंवाकडं झालंय का, मधे कोरे पट्टे आहेत का, ते बघायचं. आणि उरलेल्या केसांच्या बुडाशी राखाडी-पांढरं वलय शोधायचं, रोमकूपाभोवती गुंडाळलेल्या तंतूंचं ते वलय. मियामीच्या मिटेवा आणि टोस्टी यांनी २०१४ साली हे सीसीसीएचं भरवशाचं चिन्ह म्हणून मांडलं. त्याचा मोठा उपयोग बायोप्सीची जागा ठरवायला होतो.

बायोप्सी म्हणजे चार मिलिमीटरचा गोल तुकडा, सुन्न करून, एखाद-दोन टाक्यांत काम होतं. पण तो गुळगुळीत मध्यातून घेतला तर रिपोर्टमध्ये फक्त ‘वण’ येतो, खुनी कोण ते नाही. घ्यायचा तो कडेचा, वलय असलेला केस धरून. आणि प्रयोगशाळेला लिहून द्यायचं की काप आडवे करा. उभ्या कापात दोन-चार रोमकूप दिसतात, आडव्यात तुकड्यातले सगळे. १९८४ साली हेडिंग्टन यांनी ही पद्धत पक्की केली, तरी आपल्याकडे न सांगता ती क्वचितच होते. आणखी एक सापळा. चार मिलिमीटरच्या तुकड्यात गोऱ्या माणसाच्या टाळूवर सरासरी ३६च्या आसपास रोमकूप असतात, आफ्रिकी-अमेरिकी माणसाच्या निरोगी टाळूवर २२च्या आसपास. स्पर्लिंग यांनीच १९९९ साली हे मोजलं. गोऱ्यांचं माप लावलं तर धडधाकट काळं डोकं आजारी ठरतं. पॅथॉलॉजिस्टला पेशंटचा वंश कळवणं म्हणूनच गरजेचं आहे.

लागोसच्या बाईच्या रिपोर्टात हे सगळं होतं: आवरण वेळेआधी सुटलेलं, कांद्याच्या पापुद्र्यासारखे थरावर थर तंतू, त्यांत लिम्फोसाइट पेशी, तेलाच्या ग्रंथी गायब. तीन वर्षं मिनॉक्सिडिल चोळलं जात होतं ते मुख्यतः वणावर.

बाकीच्या वण पाडणाऱ्या आजारांना धावती भेट देतो. आफ्रिकी पुरुषांत मानेच्या मागे केसांच्या रेषेवर टणक पुटकुळ्या येऊन त्यांच्या गाठी होतात. आपल्याकडच्या सावळ्या, दाट केसांच्या पुरुषांतही त्या दिसतात. मानेवर झिरो मशीन फिरवणं बंद करणं हा उपचाराचा पहिला भाग. डोक्यात पू भरून एकमेकांना जोडणारी भुयारं होण्याचा आजार मुख्यतः तरुण आफ्रिकी पुरुषांत. लहान मुलांच्या डोक्यातला नायटा दुर्लक्षित राहिला तर वण पाडू शकतो, त्याला पोटातून औषध लागतं, नुसतं मलम पुरत नाही. कपाळाची केसरेषा भुवयांसकट मागे सरकवणारा आजार सिडनीच्या कोसार्ड यांनी १९९४ साली पाळी गेलेल्या बायकांत वर्णन केला, तो आता सगळीकडे दिसतो.

आपल्या मराठी घरांत वण पाडणारे मुख्य आजार दोन. लायकेन प्लॅनोपायलॅरिस, ज्यात केसाच्या बुडाशी खवले आणि जांभळट कडा. आणि डिस्कॉइड ल्युपस, ज्यात चकती, छिद्रात रुतलेला खवला, कानाच्या खळग्यात तसाच काळा डाग. कान बघायला सेकंद लागतो. तिसरं, ओढीचं टक्कल. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ते ग्रीनलँडच्या घट्ट बुचडा बांधणाऱ्या बायकांत वर्णन झालं, घट्ट पटका बांधणाऱ्या शीख पुरुषांतही झालं. म्हणजे ते वंशाचं नाही, बांधण्याचं आहे. काशीमिऱ्याच्या स्टुडिओत मालिकांसाठी दिवसाचे बारा तास गंगावन पिनांनी टोचून उभ्या राहणाऱ्या मुलींच्या कानशिलांवर मला ते दिसतं. रेषेवर बारीक केसांची झालर उरलेली असते, आणि त्या टप्प्यावर ओढ थांबवली तर केस परत येतात. आणखी काही वर्षं ओढलं तर छिद्रं मिटतात.

उपचारांचं खरं सांगायचं तर उद्देश केस परत आणण्याचा नसतो, उरलेले राखण्याचा असतो. ओढ, उष्णता, रसायन थांबवायचं. तीव्र स्टेरॉइडचं द्रव टाळूला, कडेला ट्रायॅमसिनोलोनची बारीक इंजेक्शनं, काही महिने डॉक्सिसायक्लिन. गरोदर असेल तर ते नाही. जिथे छिद्रं शिल्लक आहेत तिथे मिनॉक्सिडिल. दर तीन-चार महिन्यांनी त्याच जागेचा, त्याच अंतरावरून फोटो.

स्टेशनपासून हायवेपर्यंत हेअर ट्रान्सप्लांटच्या पाट्या आपण सगळे वाचतो. धगधगत्या वणात लावलेली मुळं जगत नाहीत, वर शस्त्रक्रियेच्या धक्क्याने लायकेनसारखा आजार उफाळूही शकतो. रोग किमान वर्षभर औषधाविना शांत आहे हे पाहिल्याशिवाय तिकडे जाऊ नये. पैसे भरायच्या आधी त्या माणसाला एकच विचारा, तुम्ही माझी टाळू भिंगाखाली पाहिलीत का?

मेटफॉर्मिनविषयी अलीकडे खूप विचारणा होते. मधुमेहाची ही जुनी, स्वस्त गोळी तंतू वाढवणाऱ्या जनुकांना आवर घालते असं दिसल्यावर जॉन्स हॉपकिन्सच्या क्रिस्टल आगू आणि सहकाऱ्यांनी आधी तिचं मलम आणि मग कमी मात्रेची, दिवसाला ५०० मिलिग्रॅमची गोळी सीसीसीएमध्ये वापरून पाहिली. २०२४ साली १२ स्त्रियांचा अनुभव प्रसिद्ध झाला: काहींची आग-खाज कमी झाली, काहींच्या टाळूवर केस दिसले. बारा जणी म्हणजे फार थोड्या, आणि तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. माझ्या लागोसच्या पेशंटची साखर सीमेवर होती, म्हणून तिच्या फिजिशियनशी बोलून आम्ही ती गोळी सुरू केली. आग थांबली, टक्कल पसरायचं थांबलं. ते गोळीने की इंजेक्शनांनी, हे मी सांगू शकत नाही. सोनोग्राफीत फायब्रॉइडच्या दोन गाठी निघाल्या, त्या आता स्त्रीरोगतज्ज्ञांकडे आहेत. लागोसच्या बहिणीने तिथल्या डॉक्टरांना दाखवावं म्हणून बायोप्सीच्या रिपोर्टाची एक प्रत तिने मागून घेतली.